अभंग चालू असताना वरातीचं गाणं कुणी लावलं?

प्रश्न : नमस्कार काका. आमच्या गावात सप्ताह होता. मारुतीच्या पारासमोर मंडप. कीर्तनाआधी एका फोनवरून ब्लूटूथच्या स्पीकरवर अभंग लावले होते, तर मधेच वरातीतलं गाणं सुरू झालं. फोनवाले काका तेव्हा पंगतीच्या स्वयंपाकाकडं गेले होते, फोन त्यांच्या खिशातच होता. तेव्हापासून ‘कुणीतरी हॅक केलं’ म्हणून दोन घरांत बोलणं बंद आहे. दुसरं, मिक्सरवरून भोंग्याला वायर होती आणि पंगतीकडच्या स्पीकरला ब्लूटूथ. तिथं मृदंग दोनदा ऐकू यायचा. असं का? आणि तिसरं, विहीर घरापासून अर्धा किलोमीटर आहे. ब्लूटूथनं मोटार चालू करता येईल का? दुकानदार म्हणतो, डब्यावर शंभर मीटर लिहिलंय.
– एक वाचक, पाथरी तालुका

उत्तर : आधी ती दोन घरं एकत्र बसवा. हॅक-बिक काही झालेलं नाही.

तुमच्या पत्रातच गोम आहे : काका स्वयंपाकाकडं गेले. स्पीकर आणि इयरफोनमधलं साधं ब्लूटूथ जेमतेम अडीच मिलिवॉटच्या ताकदीवर चालतं. मोकळ्या जागेत त्याचा पल्ला धरायचा दहा मीटर. तुमचा मंडप मोकळा नव्हता, माणसांनी भरलेला होता. ब्लूटूथच्या लहरी असतात २.४ गिगाहर्ट्झच्या, आणि त्या पाण्यात शोषल्या जातात. माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच. वर फोन मागच्या खिशात, म्हणजे काकांचंच अंग आड. जोडणी तुटली, स्पीकर रिकामा झाला.

आता हा स्पीकर सप्ताहाआधी कुठं कुठं वाजला असेल ते आठवा. हळदीला, वाढदिवसाला, गणपतीत. एकदा जोडलेल्या फोनची खूण तो लक्षात ठेवतो आणि फोनही स्पीकरची ठेवतो. पुन्हा विचारणा होत नाही. त्यातलंच एखादं पोरगं ब्लूटूथ चालू ठेवून मंडपात बसलं असणार. कीर्तनाला वेळ आहे म्हणून त्यानं रील उघडली, आणि आवाज त्याच्या हातातून न येता पारावरून आला! सगळ्यांनी माना वळवल्या तेव्हा तोही वळवून बघत असेल. त्याला शोधू नका.

माझ्या परभणीच्या दुकानात दुरुस्तीला आलेले स्पीकर एका फळीवर एकदम वाजत असतात, पण एकाचं गाणं दुसऱ्यात शिरत नाही. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये, म्हणजे आपण गाणी ऐकतो त्यात, ७९ चॅनल असतात, आणि जोडलेली दोन यंत्रं सेकंदाला १६०० वेळा चॅनल बदलतात. पावली खेळणाऱ्या जोडीला पुढचं पाऊल कुठं पडणार हे ठाऊक असतं, तसं त्या दोघांनाच पुढचं चॅनल ठाऊक. त्यामुळं चालू जोडणीत मधेच घुसणं गावातल्या पोरांचं काम नव्हे. रिकामा स्पीकर पकडणं मात्र कुणालाही जमतं, कारण त्याला ना पडदा ना बटणं. जोडणीचा गुप्त आकडा (पिन) विचारणार तरी कुठं?

उपाय : स्पीकरवरचं ब्लूटूथचं बटण दाबून धरलं की काही स्पीकर जुन्या खुणा पुसतात (किती वेळ धरायचं ते कंपनीगणिक वेगळं, सोबतचा कागद बघा). फोन स्पीकरशेजारी पारावर ठेवा, खिशात नको. माझं मत विचाराल तर सप्ताहाला सरळ ऑक्सची वायर (फोनच्या इयरफोनच्या भोकातून स्पीकरला जाणारी) लावा. बऱ्याच नव्या फोनला ते भोक नसतं, टाइप-सीची जोडपिन मिळते.

मृदंग दोनदा ऐकू येण्याचं कारणही अवघड नाही. वायरीतून आवाज जवळजवळ तत्क्षणी पोचतो. ब्लूटूथमध्ये तो आधी दाबून लहान करतात, तुकडे करून पाठवतात, पलीकडं थोडा साठवून मग उलगडतात. यात सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज सुमारे ७० मीटर चालतो. म्हणजे पंगतीत कानाशी ठेवलेला स्पीकर वागतो सत्तर मीटर लांब असल्यासारखा. भोंगा आधी बोलतो, स्पीकर मागून. ध्वनिमुद्रित अभंगाला एकटा ब्लूटूथ स्पीकर चालतो, तिथं उशीर कुणाला कळत नाही. टाळ-मृदंग समोर वाजत असतील तर दोन्हीकडं वायरच ओढायची. मंडपवाला कुरकुर करील, करू द्या.

मोटारीचं उत्तर : नाही. डब्यावरचे शंभर मीटर खोटे नसतात, पण ते १०० मिलिवॉटच्या ताकदीच्या यंत्राचे आणि मोकळ्या माळाचे. बोलणं दोन्ही बाजूंनी व्हावं लागतं. मोटारीच्या पेटीतल्या यंत्राचा आवाज मोठा असला तरी तुमच्या फोनचा लहानच. आखाड्यावर (शेतातल्या खोपीपाशी) उभं राहून चालू-बंद करायला ठीक आहे, घरून नाही. तुम्हाला हवाय सिमवाला मोबाइल स्टार्टर. तो टॉवरवरून चालतो, अंतराचा प्रश्न राहत नाही. थ्री फेज लाइट रात्री-अपरात्री आली तरी फोनवर कळवणारे स्टार्टर मिळतात. घेताना विहिरीवर कोणत्या कंपनीची रेंज आहे ते आधी बघा, सिम त्याचंच घाला. विहिरीचं पाणी तुटलं की मोटार आपोआप बंद होते का, ते विचारा. आणि वायरमनला सांगून अँटेना पेटीच्या बाहेर काढून घ्या. पत्र्याच्या पेटीत कोंडलेल्या अँटेनाला रेंज कशी मिळणार?