पेटंट म्हणजे उघडं, मग ते ‘दुहेरी’ कसं होईल?

एका अनुवादक बाईंचा प्रश्न आलाय. मोबाइल संदेशवहनात चुका दुरुस्त करणाऱ्या कोडिंगबद्दलचं एक अमेरिकन पेटंट आणि त्यामागचा पत्रव्यवहार त्या मराठीत आणताहेत. परीक्षकाने ‘डबल पेटंटिंग’चा आक्षेप घेतलाय, अर्जदाराने उत्तरादाखल ‘टर्मिनल डिस्क्लेमर’ दिलंय. बाईंनी लिहिलंय ‘दुहेरी पेटंट’ आणि ‘टर्मिनलविषयी अस्वीकृती’. चालेल का?

दोन्ही चालणार नाहीत. ‘दुहेरी पेटंट’ वाचलं की बॅडमिंटनमधला दुहेरी मुकुट आठवतो. संशोधकाला एकदम दोन पेटंटं मिळाली, आता पेढे वाटा, असा अर्थ निघतो. इथे तर ‘एकाच शोधावर दुसऱ्यांदा पेटंट मागताय’ म्हणून पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने अर्जदाराची वाट अडवली आहे.

पण खरी गफलत ‘पेटंट’ या शब्दापाशीच होते, आणि ती मी रोज ऐकतो. “आमच्या गोड्या मसाल्याचं प्रमाण पेटंट आहे, कुणाला सांगत नाही.” अहो, सांगत नसाल तर ते पेटंट नाही. पेटंट घ्यायचं तर काय, किती आणि कसं हे सगळं लिहून द्यावं लागतं, आणि ते जगाला वाचायला मोकळं होतं. गुपित ठेवायचं तर खुशाल ठेवा, पण त्याला पेटंट म्हणू नका.

कारण शब्दाचा अर्थच ‘उघडं’ असा आहे. लॅटिन ‘पातेरे’ म्हणजे उघडं असणं. इंग्लंडच्या राजाची पत्रं दोन तऱ्हेची असत. एक घडी घालून मोहरेने बंद केलेलं, ज्याचं त्यानेच फोडायचं. दुसरं उघडं, मोहर खाली लोंबणारी, कुणीही वाचावं असं. या उघड्या पत्राचं नाव ‘लेटर्स पेटंट’. आपल्या दफ्तरांतला खलिता याच्या अगदी उलट: ‘खलिता’ म्हणजे मुळात थैली, आत पत्र, तोंड बांधलेलं. 1449 मध्ये सहाव्या हेन्रीने जॉन ऑफ यूटिनम या कारागिराला रंगीत काचेच्या कामाचा 20 वर्षांचा हक्क दिला, तो असल्याच उघड्या पत्राने. कारखानदारीशी संबंध नसलेली पेटंटंही असत. मुंबई उच्च न्यायालय 1862 मध्ये लेटर्स पेटंटनेच उभं राहिलं, आणि तिथले वकील ‘एलपीए’ (लेटर्स पेटंट अपील) म्हणतात तेव्हा त्यातला ‘पी’ हाच पेटंट असतो. त्या अपिलात कुणी काही शोधून काढलेलं नसतं.

म्हणून शासकीय परिभाषेतला ‘एकस्व’ मला मुळीच पटत नाही. शब्द आटोपशीर आहे, संस्कृत म्हणून निर्दोष आहे, पण अर्थाचा निम्मा भाग त्याने गिळलाय. एकट्याचं ‘स्व’ तेवढं उरलं, उघडेपणा गेला. वर्तमानपत्रांचा ‘स्वामित्वहक्क’ तर त्याहून वाईट. पेटंट मिळालं म्हणजे ती वस्तू बनवण्याची परवानगी मिळाली असं नाही. दुसऱ्याला ती बनवण्यापासून रोखता येतं, एवढंच. तुमच्या सुधारणेच्या पोटात दुसऱ्याचं पेटंट असेल तर तुमचं पेटंट हातात धरून तुम्हीही थांबता. यात स्वामित्व कुठे आलं? मी सरळ ‘पेटंट’ लिहितो.

आता माझं म्हणणं. पेटंट हा सौदा आहे: तू उघड करून दाखव, आम्ही 20 वर्षं इतरांना रोखायचा हक्क देतो. एकदा उघडलेली गोष्ट दुसऱ्यांदा उघडता येत नाही. तीच युक्ती, किंवा तिच्यात कुणालाही सहज सुचेल एवढाच फरक करून, पुन्हा मांडली तर जगाला नवं काहीच मिळत नाही, मग हक्क तरी दुसऱ्यांदा कशाचा? सगळा आक्षेप ‘पातेरे’ या एका क्रियापदात मावतो. कायद्याची पुस्तकं वेगळं सांगतात. अमेरिकन कायद्याच्या कलम 101 मध्ये ‘अ पेटंट’ म्हटलंय, म्हणजे एका शोधाला एकच, असं ती त्या एकाक्षरी उपपदावरून काढतात. सहज सुचणाऱ्या फरकाचा भाग न्यायालयांनी घडवला, दुसरं पेटंट घेऊन मुदत लांबवली जाऊ नये म्हणून, असंही सांगतात. दोन्ही खरं आहे. पण मुदत लांबवणं गैर का, याचं उत्तर त्या ‘अ’मध्ये नाही, ते शब्दाच्या मुळात आहे. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात कलम 16 आहे: एका अर्जातून दुसरा अर्ज फोडून काढला तर एकातला दावा, म्हणजे ज्यावर हक्क मागितलाय ती गोष्ट, दुसऱ्यात येता कामा नये. तिथे उपपदाचा आधार घ्यावा लागत नाही.

मग मराठीत काय म्हणायचं? ‘पुनरुक्ती’. आपल्या काव्यशास्त्राने पुनरुक्तीला कधीच दोषांत बसवलंय. ‘पुनरुक्तीचा आक्षेप’ म्हटलं की काय बिनसलं ते लगेच कळतं.

आणि गंमत अशी की बाईंच्या कागदांचा विषय म्हणजे नेमकी पुनरुक्तीच आहे. फक्त तिथे ती गुण ठरते. चेक आठवा. रक्कम आकड्यांत लिहितो, मग तीच अक्षरी लिहितो. शाई फुटली, आकडा पुसट झाला, तरी अक्षरं वाचवतात. दोन्हींत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरायची, असं 1881 चा कायदा सांगतो. चूक कळते आणि दुरुस्तही होते. हवेतून जाणारा संदेश असाच इमारतींवर आपटत, क्षीण होत येतो. दर वेळी ‘पुन्हा सांग’ म्हणायला सवड नसते, म्हणून पाठवतानाच थोडं जास्तीचं जोडून द्यायचं.

किती थोडं, ते बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंगने दाखवलं. संदेशातले अंक दोनच, 0 आणि 1. अशा चार अंकांना तपासणीचे आणखी तीन अंक जोडायचे. समजा पाठवायचंय 1011. हे अंक तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या, सातव्या जागी ठेवा. पहिली, दुसरी, चौथी जागा तपासणीची. पहिली तपासणी 1, 3, 5, 7 या जागांची, दुसरी 2, 3, 6, 7 ची, तिसरी 4, 5, 6, 7 ची. प्रत्येकीत 1 ची संख्या सम यावी असे अंक भरले की होतं 0110011. वाटेत सहावा अंक उलटला आणि 0110001 पोचलं. पहिली तपासणी जमते. दुसऱ्या आणि चौथ्या जागेच्या तपासण्या बिघडतात. दोन अधिक चार, सहा. सहावा अंक उलटवा, झालं. चुकीने स्वतःचा पत्ता सांगितला! हे पहिल्यांदा कागदावर करून पाहिलं तेव्हा मी बराच वेळ नुसता त्या सहाकडे बघत बसलो होतो. याचा निबंध 1950 मध्ये छापला गेला, आणि हॅमिंग व त्याचा सहकारी होलब्रुक यांना त्यावर 1951 मध्ये पेटंटही मिळालं.

यातल्या ‘कोडिंग’ला ‘कूटलेखन’ म्हणू नका. कूट म्हणजे कोडं, दुसऱ्याला उलगडू नये म्हणून घातलेलं. इथे लपवायचं काहीच नाही, उलट पोचवायची धडपड आहे. ‘संकेत’ मात्र चोख बसतो: दोघांनी आधीच ठरवून ठेवलेली गोष्ट. पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकच ठराव ठाऊक, म्हणूनच चूक सापडते.

या क्षेत्रात पुनरुक्तीचा आक्षेप का येतो तेही सांगतो. 5जी मध्ये मजकुरासाठी वापरतात ते एलडीपीसी कोड, म्हणजे चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांचाच एक प्रकार, रॉबर्ट गॅलगरने 1960 च्या सुमारास एमआयटीत मांडले. ती मूळ कल्पना आज सगळ्यांना मोकळी आहे. मग नवे अर्ज येतात ते तिच्या बारीकसारीक रूपांवर. एका अर्जात संकेत बांधणारं यंत्र, त्यातून फोडलेल्या दुसऱ्यात तोच संकेत उलगडणारं, तिसऱ्यात ते बसवलेला मोबाइल. परीक्षक विचारतो, यात नवं काय उघडलंत?

राहिलं ‘टर्मिनल डिस्क्लेमर’. मोबाइलच्या कागदांत ‘टर्मिनल’ म्हणजे हातातला संच, म्हणून बाई फसल्या. इथे टर्मिनल म्हणजे शेवटचा: पेटंटच्या मुदतीचा शेवटचा तुकडा. दुसरं पेटंट पहिल्याबरोबरच संपेल, पहिल्यापुढची मुदत मी सोडतो, असं अर्जदार लिहून देतो. दोन्ही पेटंटं एकाच मालकाकडे राहतील हेही मान्य करतो, नाहीतर एकाच युक्तीसाठी दोन मालक वेगवेगळे खटले लावत बसतील. यासाठी शब्द घडवायची गरजच नाही. भावाच्या नावे जमिनीतला हिस्सा सोडताना तलाठ्यापुढे जो कागद नेतात तो ‘हक्कसोडपत्र’. तोच घ्या: ‘परीक्षकाच्या पुनरुक्तीच्या आक्षेपावर अर्जदाराने उर्वरित मुदतीचं हक्कसोडपत्र दिलं.’