पाल यांनी जपानला 'क्लीन चिट' दिली होती का?

तुमच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर तोक्योत चाललेल्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यातले भारतीय न्यायाधीश, न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी 'जपान निर्दोष' असा निकाल दिल्याचं म्हटलंय, आणि तुम्ही विचारलंय की मग नानजिंगची कत्तल (१९३७ मध्ये जपानी सैन्याने या चिनी शहरात केलेली) खोटी होती का. नाही, पाल यांनी तसं कुठेही म्हटलेलं नाही. जपानी सैनिकांनी व्यापलेल्या मुलखातल्या नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केले याचा पुरावा प्रचंड आहे, असं त्यांच्याच निकालपत्रात आहे. मेसेजमधून नेमकं तेवढंच गळलंय.

तोक्योचा खटला मे १९४६ मध्ये सुरू झाला. ११ देशांचे ११ न्यायाधीश, २८ आरोपी. खटला चालू असताना दोघे वारले, एकाला मानसिक आजारामुळे वगळलं, उरलेले २५ जण दोषी ठरले आणि त्यांतल्या ७ जणांना २३ डिसेंबर १९४८ ला फाशी झाली. पाल एकटेच असे, की ज्यांनी सगळ्यांना सगळ्या आरोपांतून मुक्त करा म्हटलं. त्यांचं हजारभर पानांचं निकालपत्र कोर्टात वाचलंसुद्धा गेलं नाही.

त्यांचा मुख्य मुद्दा कायद्याचा होता. आक्रमक युद्ध सुरू केलं म्हणून एखाद्या माणसाला गुन्हेगार ठरवून शिक्षा देणारा कायदा ते युद्ध झालं तेव्हा अस्तित्वातच नव्हता. मग नंतर केलेला नियम मागे जाऊन कसा लावणार? हे आपल्याकडच्या कुठल्याही वकिलाला पटेल, राज्यघटनेचं कलम २० तेच सांगतं. शिवाय न्यायासनावर फक्त जेते आणि त्यांच्या बाजूचे देश. अणुबाँबचा निर्णय घेणारे मात्र कुठल्याच पिंजऱ्यात नव्हते, हेही पाल यांनी स्पष्ट लिहिलं. इथवर मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे.

नानजिंगच्या बाबतीत मात्र मला त्यांचं म्हणणं पटत नाही. जनरल मात्सुई इवाने तिथल्या फौजांचे प्रमुख. शहर पडल्यावर १७ डिसेंबर १९३७ ला ते वाजतगाजत आत शिरले, आणि कत्तल व बलात्कार त्यानंतरही अनेक आठवडे चालू राहिले. सैनिकांनी नीट वागावं असे हुकूम मात्सुईंनी काढले होते, त्यांची तब्येतही बरी नव्हती. बहुमताने म्हटलं: काय चाललंय हे त्यांना माहीत होतं, थांबवण्याचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही त्यांच्याकडे होतं, आणि उपयोगी पडेल असं त्यांनी काही केलं नाही. या एकाच आरोपावर ते फासावर गेले. पाल यांचं म्हणणं असं की सेनापतीला शिस्तीच्या यंत्रणेवर विसंबण्याचा हक्क असतो. पण ती यंत्रणा डोळ्यांदेखत कोसळलेली असताना विसंबायचं कशावर? नुसता कागदी हुकूम काढून जबाबदारी संपत नाही.

या खटल्याचा सगळ्यांत टिकाऊ वारसा मला हाच वाटतो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कराराचं कलम २८ वाचा: हाताखालच्यांचे गुन्हे न रोखणारा वरिष्ठ स्वतः जबाबदार, मग तो लष्करी असो वा मुलकी. पाल यांची हरकतही वाया गेली नाही. आक्रमणाच्या गुन्ह्याची व्याख्या २०१० साली आधी लिहून ठेवली गेली, आणि त्याखालचे अधिकार न्यायालयाला २०१८ मध्ये मिळाले, तेही फक्त पुढच्या घटनांसाठी. (भारत या कराराचा सदस्य नाही.)

खटल्यातल्या त्रुटीही मोठ्या आहेत. सम्राट हिरोहितोंना हातच लावला नाही. माणसांवर जंतूंचे प्रयोग करणाऱ्या युनिट ७३१ च्या डॉक्टरांना अमेरिकेने माहितीच्या बदल्यात सोडून दिलं. 'जेत्यांचा न्याय' या टीकेला यातून बळ मिळालं, आणि ते रास्तच आहे.

पण त्या टीकेचा वापर कोण कसा करतंय हेही बघा. जपानच्या युद्धांत मेलेल्यांना पूजणाऱ्या तोक्योतल्या यासुकुनी देवस्थानात १९७८ पासून मात्सुईंसह १४ प्रमुख युद्धगुन्हेगारांना पूजलं जातं, आणि तिथेच २००५ मध्ये पाल यांचं स्मारक उभं राहिलं. तिथे येणाऱ्याला पाल दिसतात. त्यांनी अत्याचारांबद्दल लिहिलेलं दिसत नाही.

आणि 'जपान आपला मित्र होता, त्याने आपलं काही बिघडवलं नाही' असं त्याच मेसेजच्या शेवटी असेल, तर अंदमानचं सांगा. १९४२ ते १९४५ ही बेटं जपानच्या ताब्यात होती. तिथल्या भारतीयांचे पुढारी डॉ. दिवाण सिंग यांचा जपान्यांनी छळ केला आणि जानेवारी १९४४ मध्ये त्यांचा जीव गेला, तो सेल्युलर जेलमध्ये. त्याच महिन्याच्या ३० तारखेला हम्फ्रीगंजला हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना गोळ्या घालण्यात आल्या.