दोन वेधशाळांच्या मधले चुंबकीय क्षेत्र

प्रश्न : भूचुंबकीय वेधशाळा एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर असतात. मग मधल्या ठिकाणचे क्षेत्र कसे ठरवतात? जवळच्या दोन नोंदींची सरासरी पुरेशी नाही का?

उत्तर : शांत दिवशी पुष्कळदा पुरते, पण चुंबकीय वादळात (सूर्यावरील घडामोडींमुळे पृथ्वीचे क्षेत्र खळबळते तेव्हा), म्हणजे अंदाजाची खरी गरज असते नेमकी तेव्हा, ती फसवते.

भूपृष्ठावर क्षेत्राची तीव्रता साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) असते आणि तिचा बहुतांश भाग पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातून येतो. विखुरलेल्या नोंदींवरून हा सावकाश बदलणारा भाग संपूर्ण गोलावर मांडण्याची गणिती रीत जर्मन गणितज्ञ गाउसने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि दर ५ वर्षांनी सुधारले जाणारे आजचे आंतरराष्ट्रीय संदर्भक्षेत्र, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचे सर्वमान्य गणिती प्रारूप, त्याच रीतीवर उभे आहे. मात्र सुमारे ३,००० किलोमीटरहून लहान तपशील त्यात मावत नाहीत, त्यामुळे स्थानिक खडकांचा प्रभाव त्यात दिसत नाही. म्हणूनच प्रत्येक वेधशाळेची शांत काळातील पातळी आधी वजा करतात आणि मधल्या ठिकाणी अंदाज बांधतात तो केवळ उरलेल्या बदलाचा.

हा बदल पुष्कळदा आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या, विद्युत्‌भारित थरातील), सुमारे १०० किलोमीटर उंचीवरच्या विद्युत्‌प्रवाहांमुळे होतो. असा एखादा अरुंद प्रवाह दोन वेधशाळांच्या बरोबर मधून पूर्व-पश्चिम वाहत असेल, तर क्षैतिज बदल प्रवाहाच्या थेट खाली सर्वाधिक असतो, दोन्ही वेधशाळांत मात्र तो कमी नोंदला जातो. सरासरीला हे शिखर दिसतच नाही. याउलट ऊर्ध्व (उभ्या) घटकाची चिन्हे दोन्हीकडे परस्परविरुद्ध असतात, आणि प्रवाह मधूनच जातो आहे हे सांगणारा पुरावा तोच असतो. सरासरी काढताना नेमका तो पुसला जातो!

आम आणि विल्यानेन या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेली पद्धत हा पुरावा वापरते. आकाशात छोट्या वर्तुळाकार प्रवाहांचे जाळे कल्पून, सर्व वेधशाळांच्या नोंदींशी जुळतील अशी त्यांची मूल्ये काढायची, आणि त्या प्रवाहांपासून हव्या त्या ठिकाणचे क्षेत्र मोजायचे. जमिनीत प्रेरित होणाऱ्या प्रवाहांसाठी असेच दुसरे जाळे भूपृष्ठाखाली धरता येते.

अंदाजाची पारख करण्यासाठी एक वेधशाळा मुद्दाम वगळून तिची नोंद इतरांवरून काढून पाहतात. वेधशाळांमधील अंतरापेक्षा बारीक रचना मात्र कोणतीही पद्धत खात्रीने सांगू शकत नाही, त्यामुळे खनिज सर्वेक्षणासारख्या कामात तात्पुरते स्थिर चुंबकत्वमापक जागेवरच ठेवावे.