पेन्शन विकायची की नाही?

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत 31 वर्षे शिक्षिका. जन्म 1 जून 1968, निवृत्ती 31 मे 2026. जुनी पेन्शन, शेवटचे मूळ वेतन 72,000. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि भविष्य निर्वाह निधीचे मिळून 27 लाख येतील. सहकारी म्हणतात, पूर्ण 40 टक्के पेन्शन विका. मुलाला पुण्यात फ्लॅटसाठी ती रक्कम द्यायची आहे. द्यावी का?

उत्तर : फ्लॅटसाठी विकू नका, निदान मे महिन्यात तरी नको.

तुमची मूळ पेन्शन 36,000. तिचे 40 टक्के म्हणजे 14,400. त्याला 12 ने आणि तुमच्या वयाच्या 8.371 या गुणकाने गुणले की 14,46,509 रुपये हाती येतात. बदल्यात 15 वर्षे दरमहा 14,400 कापले जातात, म्हणजे एकूण 25,92,000. हे स्वतःच्याच पेन्शनवर काढलेले कर्ज झाले आणि त्याचा दर पडतो सुमारे 8.7 टक्के. मुलाला बँक याहून स्वस्त गृहकर्ज देत असेल, तर त्याने तेच घ्यावे. हप्ता त्याच्या पगारातून जाईल, तुमच्या औषधपाण्यातून नाही.

‘विकलेल्या पेन्शनवर कर नाही’ हा मुद्दा तुम्हाला लागूच होत नाही. महागाई भत्ता 55 टक्के धरला तर न विकता पेन्शन 55,800, म्हणजे वर्षाला 6,69,600. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 22 लाख ठेवले तर 8.2 टक्क्यांनी 1,80,400 व्याज. एकूण साडेआठ लाख. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्यच आहे. वाचवायला करच नाही!

विकण्याच्या बाजूने एकच भक्कम कारण आहे. 15 वर्षांच्या आत पेन्शनधारकाचे निधन झाले तर उरलेली कपात माफ होते आणि कुटुंब निवृत्तिवेतनाला धक्का लागत नाही. तब्येतीची गंभीर तक्रार असेल तर माझा सल्ला उलटा : पूर्ण 40 टक्के घ्या. निवृत्तीपासून वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही.

शाळेत नाव घालताना गुरुजींनी सर्रास लिहिलेली 1 जून ही तारीख इथे कामाला येते. गुणक पुढच्या वाढदिवसाच्या वयावर ठरतो. 1 जून 2026 ते 31 मे 2027 या काळात तुमचे ते वय 59 च राहते, त्यामुळे थांबल्याने गुणक घटत नाही. पेन्शनच्या कागदांत आत्ता अंशराशीकरण (पेन्शन विकण्याचे सरकारी नाव) मागू नका. मार्च 2027 मध्ये तब्येत आणि घरखर्च पाहून ठरवा. अर्ज कार्यालयात मेअखेरीआधी पोचला पाहिजे आणि त्याची पोच हातात हवी. एकदा मंजूर झाले की माघार नाही.

27 लाखांपैकी 5 लाख बँकेत मोकळे ठेवा, पहिली पेन्शन लांबली तर उपयोगी पडतील. बचत योजनेसाठी साठीची अट तुम्हाला नाही, पण निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडावे लागते. सोबत निवृत्तीचा दाखला जोडा.

आणि सेवापुस्तक आजच मागून घ्या. चटोपाध्याय आणि निवड श्रेणी या शिक्षकांना ठरावीक सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणींच्या वेळची वेतननिश्चिती पडताळलेली नसेल, तर जादा दिलेल्या वेतनाची वसुली नेमकी उपदानातून निघते आणि सगळी फाइल तिथेच अडकते.