पंपाचा ‘ऑक्लूजन’ अलार्म

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. रात्री इन्सुलिन पंपाचा ‘ऑक्लूजन’ अलार्म वाजतो. बटण दाबून बंद केला तर चालेल का?

उत्तर : नाही. ‘ऑक्लूजन’ म्हणजे इन्सुलिनच्या वाटेतला अडथळा. बटणाने आवाज थांबतो, अडथळा तसाच राहतो. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं. पुरवठा तुटला की काही तासांत कीटोन (इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) वाढू लागतात.

आधी नळी अंगापासून सोडवा. जोडलेली असताना नळी भरण्याची क्रिया कधीही करू नका, तो सगळा डोस मुलीच्या अंगात जाईल. मग थोडं इन्सुलिन सोडून पाहा. टोकाशी थेंब आला, तर दोष बहुधा त्वचेखाली दुमडलेल्या कॅन्युलात (इन्सुलिन अंगात सोडणाऱ्या बारीक नळीत). नवा सेट (कॅन्युला आणि तिची चिकटपट्टी) नव्या जागी लावा. थेंब नाही आला, तर नळी आणि कार्ट्रिजही (पंपातली इन्सुलिनची कुपी) बदला.

साखर २५० mg/dL च्या वर असेल तर रक्तातले कीटोन मोजा. ०.६ mmol/L किंवा जास्त आले, तर डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस इन्सुलिन पेनने द्या, पंपाने नव्हे. कीटोन १.५ च्या वर असतील किंवा उलट्या होत असतील, तर तेव्हाच डॉक्टरांना फोन करा, सकाळची वाट पाहू नका.

लहान मुलांचा बेसल (पंप दिवसभर थेंबाथेंबाने देतो तो डोस) कमी असतो, त्यामुळे नळीत दाब हळू वाढतो आणि अलार्म कित्येक तास उशिरा वाजू शकतो. इन्सुलिन गळत असेल, तर तो वाजतच नाही. म्हणून साखर विनाकारण चढली की कॅन्युलावरची चिकटपट्टी ओली आहे का हे हात लावून बघा, औषधी वास येतो का हेही बघा.