ग्रीसच्या बेटावर शांत आणि स्वस्तात आठवडाभर राहायला कुठलं गाव बरं?

क्रीट बेटाच्या नैर्ऋत्य टोकाचं पालेओखोरा गाव गाठा. सँतोरिनी, मिकोनोस या गाजलेल्या बेटांच्या भानगडीत पडू नका. क्रीटमधल्या खान्या शहरापासून गाव जेमतेम ७५ किलोमीटर, पण बस डोंगर ओलांडून येते. त्यामुळे पॅकेज टूरवाले फारसे फिरकत नाहीत आणि स्वयंपाकघर असलेल्या साध्या खोल्या परवडतात. मी सप्टेंबरअखेर तिथे राहिलो, पाणी छान कोमट होतं. गाव एका चिंचोळ्या भूशिरावर वसलंय: पश्चिमेला वाळूचा किनारा, पूर्वेला गोट्यांचा. एका बाजूला वारा सुटला की टॉवेल उचलायचा आणि पाच-दहा मिनिटं चालत दुसरीकडे जायचं. उन्हाळ्यात संध्याकाळी मुख्य रस्त्यावर गाड्या बंद होतात आणि खानावळींची टेबलं थेट रस्त्यावर येतात. शाकाहारी असाल तर 'दाकोस' मागवा: जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, चीज आणि ऑलिव्ह तेल. गोड मात्र मागवू नका, जेवणानंतर फळं आणि राकीचा (द्राक्षांपासून केलेल्या कडक दारूचा) छोटा पेला बहुतेक ठिकाणी फुकटच येतो.

फक्त जुलै-ऑगस्ट टाळा, तेव्हा गर्दी असते आणि भाडीही चढतात. हिवाळ्यात तर बरंच काही बंदच असतं.