पाच-सहा हजारांत घरी पॉडकास्ट सुरू करायचा तर काय काय घ्यावं लागेल?

तुमचं बजेट पाच-सहा हजार, घर वन बीएचके, बोलणार एकटेच. विचारताय की कंडेन्सर माइक घेऊ का आणि मिक्सर, म्हणजे अनेक माइकचे आवाज एकत्र करणारं यंत्र, लागतो का. मिक्सर लागत नाही. कंडेन्सर घेऊ नका.

मी तोच घेऊन बसलो होतो. यूएसबी कंडेन्सर, दिसायला झकास. हॉलमध्ये टेबलावर ठेवला, पंखा बंद केला, घामाघूम होत चाळीस मिनिटं बोललो. ऐकलं तर मी आंघोळ करता करता बोलतोय असं वाटत होतं. शिवाय खालच्या भाजीवाल्याची "मेथी घ्या, मेथी" इतकी स्वच्छ आली होती की माझ्यापेक्षा त्याचाच कार्यक्रम बरा. माइकचं काही चुकलं नव्हतं. कंडेन्सरचा पडदा पातळ, तो बारीकसारीक सगळं टिपतो. फरशीवर, उघड्या भिंतींवर आपटून परत आलेला आवाजसुद्धा. स्टुडिओत हे हवंच असतं, पण आपल्या घरात ती डोकेदुखी.

म्हणून आधी खोली ठरवा, त्याला पैसे लागत नाहीत. मध्यभागी उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळीमागून 'टण्ण' असं शेपूट ऐकू आलं की ती खोली बाद. आमचा हॉल बाद झाला. गादी, पडदे आणि कपड्यांचं कपाट यांच्या जोरावर बेडरूम पास झाली. मी कपाटाची दारं सताड उघडतो आणि बायकोच्या साड्यांकडे तोंड करून बोलतो. पाठीमागे दोरीवर जाड गोधडी टाकतो. ती का, तर माइकचं तोंड आपल्याकडे असतं, म्हणजे आपल्या मागच्या भिंतीकडेही असतं. अंड्यांचे ट्रे चिकटवायच्या फंदात पडू नका, तो पुठ्ठा आवाज फारसा शोषत नाही.

फ्रिजची घरघर येत असेल तर तो तेवढ्यापुरता बंद करा आणि गाडीची किल्ली आत ठेवा. शूटिंगवाल्यांची ही जुनी युक्ती आहे: किल्ली घ्यायला गेलात की फ्रिज चालू करायचं आठवतं. मी एकदा किल्ली ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुधाचं पनीर करावं लागलं.

आता माइक. तुमच्या बजेटमध्ये यूएसबी डायनॅमिक माइक बघा, म्हणजे कंडेन्सरइतकं बारीकसारीक न टिपणारा. त्यावर 'कार्डिऑइड' लिहिलेलं असावं, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा. यूएसबीसोबत एक्सएलआरचीही (स्टुडिओतल्या माइकची तीन पिनांची जोडणी) सोय असेल तर उत्तम, उद्या इंटरफेस, म्हणजे असा माइक लॅपटॉपला जोडायचा डबा, घेतलात तरी तोच माइक चालतो. मात्र डायनॅमिकशी जवळून बोलावं लागतं, ओठांपासून चार बोटं, फार तर सहा. हातभर लांब बसून नंतर आवाज वाढवलात तर खोलीचा घुमारही तेवढाच वाढतो.

आणि पॉप फिल्टर (माइकसमोर लावायची जाळी) किंवा फोमची टोपी हवीच, मराठी बोलणाऱ्याला तर जास्तच. तोंडासमोर तळहात धरा आणि आधी 'बाकी', मग 'भाकरी' म्हणून बघा. 'भ'ला हवेचा झोत लागतो ना, तोच माइकवर 'धप्प' असा आदळतो. माइक नाकासमोर न धरता जरा तिरपा, तोंडाच्या कोपऱ्याकडे ठेवला की निम्मा त्रास तिथेच संपतो.

एवढेही पैसे आत्ता घालवायचे नसतील तर वायरचा कॉलर माइक आणि फोन. पहिले पाच-सहा भाग त्यावर खुशाल करा. फोनला गोल जॅक नसेल तर सी-टाइपचाच बघून घ्या आणि रेकॉर्डिंग करताना फोन फ्लाइट मोडवर टाका.

हेडफोन वायरचे, कान झाकणारे. ब्लूटूथ नको, आवाज उशिरा पोचतो आणि त्याचाच माइक चालू झाला की सगळं फोनकॉलसारखं ऐकू येतं.

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आहे. मोनोमध्ये, म्हणजे एकाच चॅनेलवर, रेकॉर्ड करा, सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. लाल रेषेला टेकलेला आवाज फाटतो आणि तो नंतर नीट शिवता येत नाही. सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसा. ती शांतता मागची घरघर काढणाऱ्या 'नॉइज रिडक्शन'ला नमुना म्हणून द्यायची. हात आखडता ठेवा, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. शेवटी 'लाउडनेस नॉर्मलायझेशन'मध्ये उणे १६ एलयूएफएस (आवाज एकूण किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) ठेवा, ॲपल पॉडकास्टची शिफारस त्याच्याच आसपासची आहे.

पुढे पाहुणा बोलावणार असाल तर एक सांगून ठेवतो: एकाच लॅपटॉपला दोन यूएसबी माइक लावायला जाऊ नका, ऑडॅसिटी एका वेळी एकाच माइकवरून रेकॉर्ड करते. दोघांनी आपापल्या फोनवर रेकॉर्ड करायचं, सुरुवातीला एकाने टाळी वाजवायची, आणि एडिटिंगला बसलात की दोन्ही फाइलींतल्या टाळ्या एकाखाली एक जुळवायच्या.